एस्पेरांतो आणि कँटोनीज : भाषिक तुलना

एस्पेरांतो ही लुडविक लाझारुस झामेनहोफ या नेत्रवैद्याने तयार केलेली नियोजित भाषा. कँटोनीज ही ग्वांगजौ (पूर्वीचे कँटन), हाँगकाँग व मकाव येथे बोलली जाणारी, चिनी भाषाकुलाच्या युए शाखेतील प्रमुख भाषा. युए शाखेचे भाषक आठ कोटींच्या वर आहेत. एस्पेरांतो जाणणाऱ्यांचे अंदाज एक लाखापासून वीस लाखांपर्यंत जातात. सोपी कोणती नि अवघड कोणती एवढ्यावरच ही तुलना बहुधा थांबते. ते पुरेसे नाही. शब्दांच्या घडणीत या दोन भाषा अपेक्षेपेक्षा पुष्कळ जवळ येतात. खरे अंतर आहे ते भाषा एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते यात.

झामेनहोफ यांचा जन्म १८५९ साली, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील बियालिस्टोक येथे झाला. यिद्दिश, पोलिश, रशियन आणि जर्मन बोलणारे लोक तिथे शेजारी राहत आणि एकमेकांना परके मानत. जी कुणा एकाची नाही ती भाषा सगळ्यांची होऊ शकेल, या विश्वासाने त्यांनी १८८७ मध्ये वॉर्सातून ‘डॉक्टर एस्पेरांतो’ या टोपणनावाने पहिले पुस्तक काढले. त्यात व्याकरणाचे १६ नियम आणि सुमारे ९०० मूळशब्द होते. नाम ओकारान्त, विशेषण आकारान्त. क्रियापदाला वर्तमानकाळी ‘आस’, भूतकाळी ‘ईस’, भविष्यकाळी ‘ओस’. क्रियापदांत अपवाद नाहीत. अक्षरे २८ आणि प्रत्येकाचा उच्चार ठरलेला. शब्दसंग्रह मात्र मुख्यतः लॅटिनोद्भव आणि जर्मानिक भाषांतून घेतलेला आहे. त्यामुळे ‘तटस्थ भाषा’ हे वर्णन पॅरिसमध्ये जितके पटते तितके ग्वांगजौत पटत नाही. फ्रेंच माणसाला चेहऱ्याने ओळखीचे असलेले मूळशब्द तिथल्या विद्यार्थ्याला एकेक करून पाठ करावे लागतात. कर्माला लागणारा ‘न’ आणि नामाबरोबर विशेषणालाही लागणारा अनेकवचनाचा प्रत्यय याही त्याला नव्याच गोष्टी. ‘चांगला’, ‘चांगले’, ‘चांगल्या’ असे बोलणाऱ्या मराठी माणसाला विशेषणाचे बदलणे तेवढे अवघड जात नाही.

कँटोनीज शिकताना खरी कसोटी लागते ती सुरांची. ‘सी’ हे एकच अक्षर उंच सपाट सुरात म्हटले तर कविता, उंच चढत्या सुरात इतिहास, मध्यम सपाट सुरात परीक्षा, खाली उतरत्या सुरात वेळ, खालून चढत्या सुरात बाजार किंवा शहर आणि खालच्या सपाट सुरात काम किंवा बाब. असे सहा सूर आहेत. प, त, क या व्यंजनांनी संपणारी अक्षरे वेगळी धरून परंपरेने नऊ मोजतात. ही अंत्य व्यंजने मध्ययुगीन चिनीतून आली. पुतोंगह्वा म्हणजे प्रमाण मँडरिन या चीनच्या राजभाषेत ती लोपली आहेत, म्हणूनच तांग काळातील कवितांची यमके कँटोनीज उच्चारात अनेकदा अधिक नीट जुळतात. प-फ, त-थ, क-ख हा कँटोनीजमधला भेद मराठी कानाला शिकवावा लागत नाही. ‘चमचा’मधला च तर या दोन्ही भाषांत आहे.

व्याकरणाकडे वळले की चित्र बदलते. कँटोनीजमध्ये क्रियापद पुरुष, वचन वा काळ यांनुसार बदलत नाही. ‘ङो सिक् फान’ म्हणजे मी जेवतो. ‘सिक्’च्या पुढे ‘चो’ ठेवला की जेवण झालेले असते, ‘गन’ ठेवला की चालू असते. एस्पेरांतोतही क्रियापद पुरुष व वचन पाळत नाही. शब्द जोडण्याची पद्धत तर आणखी जवळची. ‘साना’ निरोगी, ‘मालसाना’ आजारी, ‘मालसानूलो’ रुग्ण, ‘मालसानूलेयो’ रुग्णालय. कँटोनीजमध्ये ‘पेङ्’ आजार, ‘पेङ् यन’ रुग्ण. ‘होक्’ शिकणे, ‘होक् साङ’ विद्यार्थी. जोडताना एकही तुकडा आपले रूप सोडत नाही. एस्पेरांतोला निव्वळ युरोपीय भाषा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे. कँटोनीजचे खास वैभव म्हणजे वाक्याच्या शेवटी येणारी अव्यये. मराठीतल्या ‘की’, ‘ना’, ‘बरं का’ यांच्या जवळची ही अव्यये ‘ला’, ‘वो’, ‘मे’ अशी येतात आणि आग्रह, आश्चर्य, अविश्वास सांगून जातात. कोणताही आराखडा करून अशी संपदा उभी करता येत नाही. ती बोलण्यातच रुजते.

लेखनाच्या बाबतीत एस्पेरांतोचे काम सरळ आहे. कँटोनीज भाषकाला मात्र बोलायचे एक आणि औपचारिक लिहायचे दुसरे अशी सवय लावून घ्यावी लागते. बोलताना नकारासाठी ‘म्’, लिहिताना त्या जागी ‘पत्’. बोलताना ‘हय’, लिहिताना ‘सी’. औपचारिक लेखन पुतोंगह्वाच्या वळणाचे असते, वाचले जाते कँटोनीज उच्चारांत.

या दोन भाषांची प्रत्यक्ष गाठही पडली आहे. १९०८ मध्ये पॅरिसमधील चिनी अराज्यवाद्यांनी चिनी भाषा सोडून एस्पेरांतो स्वीकारावी असा प्रस्ताव मांडला. विद्वान झांग बिंगलिन यांनी त्याचा कडाडून प्रतिवाद केला. ग्वांगडाँग प्रांतातले लिऊ शिफू यांनी १९१२ मध्ये ग्वांगजौत अराज्यवादी मंडळ काढले आणि पुढच्या वर्षी सुरू केलेल्या नियतकालिकात एस्पेरांतोची पाने दिली. पुढे एस्पेरांतोचे जागतिक संमेलन १९८६ व २००४ मध्ये बीजिंगला भरले.

एस्पेरांतोने भाषक गमावले ते छळामुळे. स्टालिनच्या काळात एस्पेरांतोवाद्यांची धरपकड झाली, आणि झामेनहोफ यांची तिन्ही मुले नाझींनी मारली. तरीही भाषा टिकली, कारण ती मुख्यतः प्रौढपणी आवडीने शिकणाऱ्यांच्या बळावर चालते. घरातून शिकलेले भाषक हजाराच्या आसपासच असतील. कँटोनीजला असा आधार पुरत नाही. घर, शाळा किंवा दूरचित्रवाणी यांपैकी एक सुटले तरी तिला फटका बसतो. सिंगापूरने १९७९ मध्ये मँडरिन बोलण्याची मोहीम काढली आणि हाँगकाँगच्या मालिका तिथे मँडरिनमध्ये ध्वनिमुद्रित होऊन दिसू लागल्या. २०१० मध्ये ग्वांगजौ दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पुतोंगह्वात करावेत अशी सूचना पुढे आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. हाँगकाँगमध्ये मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ८८ टक्के लोकांची नेहमीची बोली कँटोनीजच आहे.