सेसनॉक

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या हंटर खोऱ्यातील शहर. ते न्यूकॅसलच्या पश्चिमेस सु. ५० किमी.वर असून पोकोल्बिनच्या द्राक्षमळ्यांचे प्रवेशद्वार मानले जाते. हा मूळचा वोनारुआ लोकांचा प्रदेश. जॉन कॅम्बेल यांनी १८२६ च्या सुमारास येथे मिळालेल्या जमिनीला स्कॉटलंडमधील सेसनॉक गढीचे नाव दिले व तेच पुढे गावाला लाभले.

कोळशाच्या खाणींसाठीही प्रसिद्ध असलेल्या या शहरात कोळसा सरला आणि द्राक्षे आली, हा लोकप्रिय क्रम ग्राह्य धरता येत नाही. खोऱ्यातील द्राक्षलागवड येथील खाणींहून जुनी आहे. तिच्या आरंभाबद्दल मात्र मतभेद आहेत. जॉर्ज विंडम यांची डॅलवुड येथील लागवड काही जण १८२८ ची, तर काही १८३० ची मानतात. जेम्स बझ्बी यांनी फ्रान्स व स्पेनमधून जमवलेल्या शेकडो जातींच्या काड्या १८३२ मध्ये सिडनीस पोहोचल्या. तेथील वनस्पतिउद्यानातल्या संग्रहाची पुढे आबाळ झाली. त्यामुळे खोऱ्यातील जुन्या वेलींचे मूळ बझ्बी यांच्या संग्रहात शोधायचे, तर ते किर्कटन येथील त्यांच्या कुटुंबाच्या मळ्यात लावलेल्या काड्यांमार्फत आले असावे, हे मत अधिक संभाव्य वाटते. तथापि इतरांनीही वेली आणल्या होत्या, त्यामुळे सर्व श्रेय एकट्या बझ्बींना देणे योग्य नव्हे.

भूवैज्ञानिक एजवर्थ डेव्हिड यांनी १८८६ मध्ये ग्रेटा कोळसाथराचा माग काढला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अॅबरडेअर, बेलबर्ड इ. खाणींभोवती शहर झपाट्याने वाढले. हा थर जाड व उत्तम प्रतीचा, पण आपोआप पेट घेणारा होता. बेलबर्ड खाणीतील १ सप्टेंबर १९२३ च्या दुर्घटनेत बचावास उतरलेल्या एकासह २१ जण दगावले. तिच्यानंतर १९२५ मध्ये राज्यात खाण-बचावाचा कायदा झाला. मजुरीकपात नाकारणाऱ्या सु. १०,००० खाणकामगारांवर १९२९ मध्ये मालकांनी टाळेबंदी लादली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला रॉथबरी येथे पोलिसांच्या गोळीबारात नॉर्मन ब्राउन हा तरुण कामगार ठार झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलाचा वाढता वापर व यांत्रिकीकरण यांमुळे येथील खाणी एकेक करून बंद पडत गेल्या. सिडनीचे शल्यचिकित्सक मॅक्स लेक यांनी १९६३ मध्ये द्राक्षांचा नवा मळा लावला आणि लहान खाजगी मळ्यांचे युग सुरू झाले.

येथील सेमियाँ (याच नावाच्या द्राक्षांची पांढरी वाइन) विशेष उल्लेखनीय आहे. सुगीच्या सुमारास येणाऱ्या पावसामुळे द्राक्षे साखर पुरती भरण्याआधीच खुडतात. म्हणून तिच्यात मद्यार्क जेमतेम १० ते ११ टक्के असतो. नवी असता ती फिकट व लिंबासारखी आंबटसर लागते, आणि ओकच्या पिंपाचा स्पर्श नसूनही बाटलीत दहाएक वर्षे मुरल्यावर तिला मध व भाजलेल्या पावाचा स्वाद येतो.