माउंट व्हर्नन: वॉशिंग्टनचे गुलाम आणि ‘डॉवर’चे गुलाम

जॉर्ज वॉशिंग्टनने मृत्युपत्राने आपले गुलाम मुक्त केले, हे विधान खरं आहे. त्याच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावरचे, म्हणजे माउंट व्हर्ननवरचे गुलाम मुक्त झाले, हे त्याच धर्तीचं विधान मात्र निम्मंही खरं नाही. जून १७९९ मध्ये वॉशिंग्टनने केलेल्या यादीत ३१७ माणसं आहेत. त्यांतली सव्वाशेच्या आसपास त्याच्या स्वतःच्या मालकीची, १५३ डॉवरची आणि उरलेली चाळीसेक शेजारच्या श्रीमती फ्रेंच यांच्याकडून भाड्याने घेतलेली. ती एकाच वस्तीत राहत, एकाच मुकादमाच्या हाताखाली राबत, एकमेकांशी लग्नं करत. कुणाची मालकी कुठून आली, हे त्यांच्याकडे पाहून कुणालाच सांगता आलं नसतं.

डॉवर म्हणजे हुंडा नव्हे, माहेरून आणलेलं धनही नव्हे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर विधवेला त्याच्या मालमत्तेत कायद्याने मिळणारा, तिच्या हयातीपुरता वाटा म्हणजे डॉवर. व्हर्जिनियात तो एक तृतीयांश असे. वॉशिंग्टनची बायको मार्था हिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस जुलै १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. मागे दोन लहान मुलं, सतरा हजार एकरांहून जास्त जमीन आणि तीनशेच्या घरात गुलाम. मृत्युपत्र नसल्याने वाटणी कायद्याच्या चाकोरीतून झाली. रोकड, सामानसुमान, जनावरं अशा जंगम मालाचे तीन सारखे वाटे पडले आणि मार्थाचा वाटा तिच्या पूर्ण मालकीचा झाला. जमीन आणि गुलामांचा एक तृतीयांश तिला मिळाला, पण फक्त जिवंत असेपर्यंत. बाकीचं मुलगा जॉन याच्या नावावर गेलं.

गुलाम जमिनीच्या खात्यात कसे आले? व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्याने वारसाहक्कापुरते गुलाम स्थावर मालमत्ता ठरवले होते. मळा वारसाकडे जाताना तो कसणारे हात दुसरीकडे जाऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे गोठ्यातला बैल जंगम आणि शेजारच्या खोपटातला माणूस स्थावर! पुढे चार दशकं जो गुंता झाला, त्याचं मूळ या तरतुदीत आहे.

जानेवारी १७५९ मध्ये मार्थाने वॉशिंग्टनशी लग्न केलं. तेव्हाच्या कायद्यानुसार बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे येई. त्यामुळे डॉवरच्या सुमारे ८५ माणसांची मेहनत वॉशिंग्टनला मिळाली. त्यांचं अन्न, कपडे आणि कर हा खर्चही त्याच्याच माथी आला. पण मार्थाकडेच हयातीपुरता हक्क होता, मग नवऱ्याला त्याहून जास्त कुठून मिळणार? ती माणसं विकणं किंवा मुक्त करणं दोघांच्याही हाती नव्हतं. मार्थानंतर ती कस्टिस वारसांकडे जाणार होती. हिंदू विधवेच्या १९५६ पूर्वीच्या मर्यादित हक्काचे जुने निवाडे ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हा सांगाडा ओळखीचा वाटेल.

वॉशिंग्टनला ही व्यवस्था नवी नव्हती. खुद्द माउंट व्हर्नन त्याच्या सावत्रभावाच्या, लॉरेन्सच्या विधवेकडे हयातीपुरतं होतं. १७५४ पासून तो ते तिच्याकडून भाड्याने कसत होता, वर्षाला १५,००० पौंड तंबाखू देऊन. १७६१ मध्ये ती वारली, तेव्हा कुठे तो मालक झाला. म्हणजे एका विधवेच्या हयाती हक्काने त्याला थांबायला लावलं, तर दुसरीच्या हयाती हक्कावर त्याने चाळीस वर्षं शेती केली.

त्याची स्वतःची माणसं वेगळ्या वाटांनी आली. वडील १७४३ मध्ये वारले तेव्हा अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला दहा जण आले. पुढे त्याने खरेदी केली. वॉशिंग्टनचा खासगी नोकर विल्यम ली आणि त्याचा भाऊ फ्रँक हे असेच विकत घेतलेले. या गटावर त्याची पूर्ण मालकी होती, त्यामुळे विकणं, देणं, मुक्त करणं हे तिन्ही अधिकार त्याच्याकडे होते.

इथवर हिशेब सरळ आहे. तो बिघडतो पुढच्या पिढीत. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्ज्याचं ठरे आणि मालकीही आईमागून चाले. आई डॉवरची असेल तर मूल डॉवरचं, बाप कुणाचाही असो. आई वॉशिंग्टनची असेल तर मूल वॉशिंग्टनचं. फ्रँक ली वॉशिंग्टनचा, पण त्याची बायको ल्युसी ही स्वयंपाकीण डॉवरची, म्हणून त्यांची मुलंही डॉवरची. आचारी हर्क्युलीस वॉशिंग्टनचा. बायको अ‍ॅलिस डॉवरची, म्हणून रिचमंड, एव्ही आणि डेलिया ही मुलंही डॉवरची. ८५ चे १५३ झाले ते यामुळेच.

फरकाची किंमत पैशातही मोजली जात होती. राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टन फिलाडेल्फियात राहत असताना पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा आडवा येई: बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला, तर तो मुक्ततेचा दावा करू शके. एप्रिल १७९१ मध्ये सचिव टोबायस लिअरला लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टनने मुद्दा उघड मांडला. हर्क्युलीस आणि पॅरिस सोडून घरातले बाकी सगळे डॉवरचे आहेत. ते सुटले तर त्यांचं काम जाईलच, शिवाय कदाचित त्यांची किंमतही भरून द्यावी लागेल. म्हणून सहा महिने भरण्याआधी माणसं राज्याबाहेर नेऊन परत आणायची, असा मार्ग काढला गेला. मे १७९६ मध्ये मार्थाची दासी ओना जज फिलाडेल्फियातून न्यू हॅम्पशायरला निसटली. ती डॉवरची होती. तिथे जन्मलेली तिची मुलंही व्हर्जिनियाच्या कायद्याने कस्टिस वारसांचीच मालमत्ता ठरत होती. फेब्रुवारी १७९७ मध्ये हर्क्युलीस पळाला, तेव्हा तोटा फक्त वॉशिंग्टनचा झाला.

मृत्युपत्रावर सही झाली ती ९ जुलै १७९९ रोजी. व्हर्जिनियात १७८२ पासून मालकाला मृत्युपत्राने किंवा मुक्तिपत्राने गुलाम मुक्त करता येत होते, पण वृद्ध आणि अपंगांना पोसण्याची जबाबदारी मालकावर होती. वॉशिंग्टनने तशी तरतूद केली. निराधार मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत काम आणि लिहिणं-वाचणं शिकवावं, असंही लिहिलं. विल्यम लीला लगेच मुक्ती आणि वर्षाला ३० डॉलर. बाकीच्यांना मार्थाच्या मृत्यूनंतर. कारण त्यानेच नोंदवलंय: दोन्ही गटांत लग्नं झाली आहेत, आणि डॉवरच्या माणसांना मुक्त करणं माझ्या अधिकारात नाही. कुटुंबं तुटण्याचा क्षण त्याने पुढे ढकलला. टाळता त्याला येत नव्हता.

आता सगळ्यात फसवी जागा. १४ डिसेंबर १७९९ ला वॉशिंग्टन वारला आणि पुढचं वर्षभर दोन्ही गट मार्थाकडे, दोन्ही हयातीपुरतेच, राहिले. वरवर पाहता हक्क एकच. पण एका हक्काच्या शेवटी मुक्ती उभी होती, दुसऱ्याच्या शेवटी चार नातवंडं. त्यामुळे एका गटाची सुटका मार्थाच्या मरणाशी बांधली गेली. हे तिच्याही लक्षात आलं होतं. आपला जीव सुरक्षित नाही असं तिला वाटतं, हे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची बायको अबिगेल अ‍ॅडम्सने डिसेंबर १८०० मध्ये लिहिलं आहे. त्याच महिन्यात मार्थाने मुक्तिपत्रावर सही केली आणि १ जानेवारी १८०१ पासून वॉशिंग्टनची माणसं मुक्त झाली. पळून गेलेला हर्क्युलीसही त्यात आला. त्याची मुलं नाहीत. डॉवरच्या माणसांवरचा हक्क तिने असाच सोडला असता, तर ती मुक्त झाली नसती, वारसांच्या ताब्यात लवकर गेली असती, इतकंच. ‘मार्थाने बाकीच्यांना का सोडलं नाही’ असं विचारणारे नेमके इथे अडखळतात. अर्थात तिला संपूर्ण निर्दोष ठरवायचं कारण नाही. एलिशा नावाचा एक माणूस तिच्या पूर्ण मालकीचा होता. त्याला ती मुक्त करू शकत होती. तिने तो मृत्युपत्राने नातवाला दिला.

जुन्या कागदांत एखादं नाव सापडलं, तर ते कोणत्या शेतावर आहे यावरून मालकी ठरवू नये. दोन्ही गट सगळ्या शेतांवर विखुरलेले होते. बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावावरूनही नाही. आईची नोंद शोधावी, तिची आई पाहावी आणि मागे जात १७५७ च्या कस्टिस मालमत्तेपर्यंत पोचतोय की वॉशिंग्टनच्या खरेदी-वारशापर्यंत, हे तपासावं. भाड्याच्या माणसांचा माग वेगळा: श्रीमती फ्रेंच यांचा त्यांच्यावरचा हक्कही हयातीपुरताच होता.

मार्था २२ मे १८०२ रोजी वारली. डॉवरची माणसं एलिझा, मार्था, नेली आणि जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस या चार नातवंडांत वाटली गेली. वाटे चार मालकांचे होते, कुटुंबांचे नव्हते. नातवाच्या वाट्याची माणसं त्याच्या आर्लिंग्टन मळ्यावर गेली. तो ऑक्टोबर १८५७ मध्ये वारला आणि पाच वर्षांच्या आत सगळ्यांना मुक्त करावं, असं मृत्युपत्रात लिहून गेला. त्याचा जावई आणि व्यवस्थापक रॉबर्ट ई. ली याने मुदत पूर्ण वापरली, वर दोनेक महिने उलटू दिले. मुक्तिपत्रावर तारीख आहे २९ डिसेंबर १८६२.