मानसिक आजाराची औषधे चालू असलेल्या ज्येष्ठांचे दात: कुठे, कोणत्या योजनेत, कोणत्या कागदांवर

आधी एक गैरसमज दूर करू. ज्येष्ठ मनोरुग्णाच्या दातांच्या सगळ्या कामांचा खर्च देणारी एकच योजना नाही. दात काढणे, सिमेंट भरणे, सफाई यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात किंवा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात जावे. आधार कार्ड सोबत ठेवावे आणि केसपेपर काढावा. तिथे पात्रतेचा प्रश्नच येत नाही.

आयुष्मान वय वंदना कार्ड ७० वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही आधारवर निघते, उत्पन्नाची अट नाही. पण त्यावर मिळणारे ५ लाखांचे आरोग्य विम्याचे संरक्षण भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. जबड्याची शस्त्रक्रिया असेल तर विचारून पाहा. ओपीडीतल्या रूट कॅनॉलसाठी मात्र ते कार्ड पुढे करण्यात अर्थ नाही.

कवळीचे वेगळे. राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७ पासून) काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मोफत मिळते. वय ६० पूर्ण हवे आणि दारिद्र्यरेषेखालचे कार्ड किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्याचा दाखला हवा. आधार आणि फोटो बरोबर ठेवा. आधी तपासणी शिबिर होते, साहित्य नंतर मिळते. मानसिक आजार आहे म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ही वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका. वर्षानुवर्षे गोळ्या घेऊन जीभ-ओठ आपोआप हलत असतील, तर ते माप घेणाऱ्याला आधीच सांगा. अशा तोंडात कवळी टिकणे अवघड जाते.

दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढावे का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते. जुने मानसोपचाराचे कागद जपून ठेवलेले असले की काम सोपे जाते. दातांसाठी मात्र या कार्डाची वाट पाहत बसू नका. ‘निरामय’ विम्याचे नाव सुचवणारेही भेटतील. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, नुसत्या मानसिक आजाराला लागू नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. माझ्या मते तो कुठल्याच योजनेचा नाही: चालू औषधांची यादी, डोससकट, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर. मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम चालू असताना दातदुखीवर आयबुप्रोफेन हे वेदनाशामक घेतले तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. त्याच कामाच्या कार्बामाझेपिन या गोळीबरोबर एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले तरी तोच प्रकार, फक्त वाढते ते कार्बामाझेपिन. बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि लाळ कमी झाली की हिरडीलगत कीड धरते. हे दंतवैद्याला कळले तर तो कीड रोखणाऱ्या फ्लोराइडचा विचार करेल. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही लिहा. दात काढायचा म्हणून घरच्या घरी कुठलीही गोळी बंद करू नका.

संमतीपत्राच्या सहीवरूनही वाद होतो. काउंटरवर फॉर्म आला की मुलगा पेन पुढे करतो आणि आईकडे कुणी बघतच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कुणी अस्थिर मनाचा ठरत नाही, ते ठरवायचा अधिकार सक्षम न्यायालयाला आहे. “आई, कुठला दात काढणार आहेत, कळलं ना?” असे विचारा. तिला कळत असेल तर सही किंवा अंगठा तिचाच. स्मृतिभ्रंश किंवा आजाराच्या तीव्र अवस्थेमुळे समजतच नसेल, तर जवळचा नातेवाईक सही करतो. अशा वेळी ओळखपत्र आणि तज्ज्ञाची चिठ्ठी बरोबर असू द्या, आणि काम तातडीचे नसेल तर मन शांत असलेल्या काळातली तारीख मागून घ्या.