कोमुरो गीते (जपानी लोकप्रिय संगीत)

कोमुरो गीते : जपानी संगीतकार, कीबोर्डवादक व संगीतनिर्माते तेत्सुया कोमुरो (जन्म २७ नोव्हेंबर १९५८, फुचू, टोक्यो) यांनी रचलेली आणि मुख्यतः १९९४ ते १९९८ या काळात जपानभर गाजलेली गाणी. कोमुरोंच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘टीके’ गाणी असेही म्हणतात. त्यांच्याकडे गाणाऱ्या कलावंतांना प्रसारमाध्यमांनी ‘कोमुरो फॅमिली’ हे नाव दिले. या गाण्यांची चाल, वाद्यमेळ, ध्वनिमुद्रण व बऱ्याचदा शब्दही एकाच व्यक्तीचे असत. निर्मात्याचे नाव गायकाइतकेच श्रोत्यांच्या तोंडी होण्याची प्रथा जपानमध्ये या गाण्यांमुळे रूढ झाली.

कोमुरोंनी बालपणी व्हायोलिनचे शिक्षण घेतले. पुढे त्यांच्यावर कीथ इमर्सन या ब्रिटिश कीबोर्डवादकाचा प्रभाव पडला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कोमुरोंच्या ‘टीएम नेटवर्क’ या त्रयीचे ‘गेट वाइल्ड’ (१९८७) हे ‘सिटी हंटर’ या अ‍ॅनिमे मालिकेचे समाप्तिगीत होते. त्याच्या गीतकार मित्सुको कोमुरो यांचे आडनाव तेच असले, तरी दोघांत नाते नाही. त्याआधीच मिसातो वातानाबे यांच्या ‘माय रेव्होल्यूशन’ने (१९८६) इतरांसाठी चाली बांधणारे संगीतकार म्हणून त्यांना मान्यता मिळवून दिली होती.

कॉर्ड-क्रमाचा वाद : या गाण्यांची चर्चा बहुधा ‘कोमुरो शिन्को’ म्हणजे कोमुरो-क्रम या संज्ञेपाशी सुरू होते. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेला स्वरांचा समूह. सप्तकातील सहाव्या, चौथ्या, पाचव्या व पहिल्या स्वरावर उभारलेल्या चार कॉर्ड या क्रमाने येतात. मराठी वाचकाला सरगमीतून सांगायचे, तर शुद्ध स्वरांच्या सप्तकात ध-सा-ग, म-ध-सा, प-नी-रे आणि शेवटी सा-ग-प. बिलावलचे स्वर तसेच ठेवून धैवताला षड्ज मानले की आसावरी थाट मिळतो, हे मूर्च्छनेचा अभ्यास असणाऱ्यांना ठाऊक आहे. इथेही जवळपास तेच घडते. ओळ आसावरीच्या उदासीत सुरू होते आणि शेवटच्या कॉर्डला बिलावलच्या उजेडात येते. पुन्हा सुरुवातीच्या कॉर्डवर वळताच तो उजेड सरतो. नाचाच्या ठेक्यावर असूनही ही गाणी हुरहूर का लावतात, याचा बराचसा उलगडा या फेऱ्यात होतो.

हा क्रम मूळचा कोणाचा, याबद्दल एकमत नाही. काही जण तो पाश्चात्त्य रॉक संगीतातून आला असे मानतात, तर काही जण त्याचे मूळ जपानमधील जुन्या ‘कायोक्योकु’ या लोकप्रिय गीतप्रकाराच्या उदास स्वरप्रकृतीत शोधतात. कोमुरोंच्या पूर्वी इतरांनी रचलेल्या गाण्यांतही तो आढळतो, तेव्हा त्यांना त्याचे जनक म्हणता येत नाही. संज्ञाही मागाहून रुळली असावी. त्यांनी या क्रमाला इतके ठळक केले की तो त्यांच्या नावावर जमा झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तथापि केवळ या क्रमावरून कोमुरो गीत ओळखणे अपुरे ठरते. पट्टी अचानक बदलणे हे त्यांचे त्याहून खास वैशिष्ट्य होय. जपानी गाण्यात ‘ए-मेलो’ (सुरुवातीचा भाग), ‘बी-मेलो’ (साबीकडे नेणारा भाग) व ‘साबी’ असे भाग असतात. साबी म्हणजे आपल्या ध्रुवपदासारखा, पण मागाहून येणारा भाग. कोमुरो या भागांच्या सांध्यावर फारशी पूर्वसूचना न देता षड्ज हलवतात. ‘माय रेव्होल्यूशन’ हा त्याचा नमुना. गायिकेचा आवाज उंच पट्टीत ताणलेला ठेवणे, ही दुसरी खूण. रोलँड जेडी-८०० या सिंथेसायझरमधील ५३ क्रमांकाचा पियानोचा आवाज ही तिसरी. खऱ्या पियानोपेक्षा कडक व चकचकीत असा हा आवाज नव्वदच्या दशकातील जपानी गाण्यांत इतका वापरला गेला, की वादक तो नुसत्या क्रमांकाने ओळखतात.

भरभराट : ‘टीआरएफ’ या गटाने (१९९३ पासून) डिस्कोतील नृत्यसंगीत घरोघरी नेले. र्योको शिनोहारा यांचे १९९४ मधील गीत, ‘एच जंगल विथ टी’ या नावाने विनोदी कलावंत मासातोशी हामादा यांच्याबरोबर केलेले ‘वॉव वॉर टुनाइट’ (१९९५) आणि ‘ग्लोब’ या गटाचे ‘डिपार्चर्स’ (१९९६) यांच्या प्रत्येकी २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. एप्रिल १९९६ मध्ये ओरिकॉन या जपानी संस्थेच्या गाण्यांच्या खपाच्या एका साप्ताहिक यादीत पहिली पाचही गाणी कोमुरोंची होती. नामिए अमुरो यांच्या ‘कॅन यू सेलिब्रेट?’ (१९९७) या गीताचा खप सुमारे २३ लाखांवर गेला आणि लग्नसमारंभांत ते हमखास वाजू लागले. जपान रेकॉर्ड पुरस्काराचा सर्वोच्च मान १९९५ ते १९९८ अशी सलग चार वर्षे कोमुरोंच्या गाण्यांना मिळाला. याच काळात पसरलेल्या काराओके खोल्यांचाही या यशात वाटा आहे. उंच पट्टीतली साबी मित्रमंडळींसमोर पेलून दाखवणे हा तरुणांच्या हौसेचा भाग झाला होता.

उत्तरकाळ : १९९८ च्या अखेरीस हिकारू उताडा यांचे पदार्पण झाले आणि श्रोत्यांची आवड संथ, अमेरिकी धर्तीच्या तालांकडे वळली. स्वामित्वहक्कांच्या विक्रीतील फसवणुकीबद्दल २००९ मध्ये कोमुरोंना तीन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. २०१८ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली, मात्र २०२० पासून ते पुन्हा चाली देत आहेत.

जुन्या गाण्यांपैकी ‘गेट वाइल्ड’ विशेष टिकून आहे. २०१७ मध्ये या एकाच गाण्याच्या ३६ ध्वनिमुद्रणांचा संच निघाला. ‘सिटी हंटर’ मालिकेत हे गाणे शेवटचा प्रसंग चालू असतानाच सुरू होई. त्याची आठवण ठेवून, कचेरीतून बाहेर पडताना कानात ‘गेट वाइल्ड’ लावून चालू लागण्याची रीत अलीकडे जपानी नोकरदारांत पसरली आहे.