माळढोक, कोळसा आणि सातबाऱ्यावरचा पोटखराबा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा माळढोक पक्षी का गेला, असं सोलापुरात कुणालाही विचारा, दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे ऊस आणि बोअर. दुसरं म्हणजे अभयारण्यामुळे जमिनी अडकल्या, लोक पक्ष्यावरच चिडले. दोन्हींत तथ्य आहे. कोळशाचं नाव मात्र कुणी घेत नाही, आणि घ्यावं तरी कशाला? आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, कोळसा नाही.

पण महाराष्ट्रात माळढोक फक्त नान्नजला नव्हता. त्याचं दुसरं घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा-भद्रावतीकडे, म्हणजे नेमकं वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या डोक्यावर होतं. तिकडची गोष्ट समजून घेतली की इथली वेगळी दिसायला लागते.

वरोऱ्याला कोळसा निघायला लागला 1871 मध्ये, आणि ती खाण 1906 मध्ये बंदही झाली. तेव्हाचं काम जमिनीखालचं होतं, वरचं गवत बऱ्यापैकी जागेवर राहिलं. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर उघड्या खाणी वाढत गेल्या आणि चित्र पालटलं. माजरी, एकोना ही नावं त्या पट्ट्यातली. उघड्या खाणीत आधी वरची माती जाते. ती माती काढून शेजारीच तिचे डोंगर रचतात. मग टिपरचे रस्ते येतात, रात्रभर दिवे, पंप, धूळ. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, हंगामाला साधारण एकच अंडं घालते. तिला लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. आजूबाजूची ज्वारी-तुरीची शेतं तिला चालतात, मातीचा डोंगर चालत नाही.

आता खरा गुंता. खाणीविरुद्ध वन्यजीवाची बाजू मांडायची तर आधी ‘ते जंगल आहे’ हे दाखवावं लागतं. 2009-10 च्या सुमारास केंद्रातल्या दोन खात्यांनी मिळून देशातली नऊ कोळसा क्षेत्रं तपासली. कुठे खाण चालेल आणि कुठे अजिबात नको, अशी वर्गवारी केली. ‘गो’ आणि ‘नो-गो’ हे शब्द तेव्हाचे. वर्धा खोरं त्या नऊत होतं. मोजपट्टी होती झाडोऱ्याची: एकूण वनाच्छादन 30 टक्क्यांच्या वर, किंवा घनतेनुसार वजन देऊन काढलेलं 10 टक्क्यांच्या वर, तर तो पट्टा ‘नो-गो’.

म्हणजे उपग्रहाच्या चित्रात हिरवं दाट दिसलं पाहिजे. वाघाला हे सोयीचं. ताडोबाजवळचा लोहाऱ्याचा खाण प्रस्ताव त्याच काळात अडला. पुढे 2020 मध्ये कोळसा लिलावाच्या 41 पट्ट्यांच्या यादीत बांदर हे तिथलंच नाव आलं, तेव्हा वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेचा मुद्दा निघाला आणि ते नाव वगळलं गेलं. माळाला मात्र त्या मोजपट्टीवर जवळजवळ शून्य गुण. जिथे झाड नाही तिथे वाचवण्यासारखं काही नाही, असाच अर्थ निघतो. ती वर्गवारी दोन-तीन वर्षांत गुंडाळली गेली, कारण वीज आणि कोळसेवाल्यांना तेवढीही अडचण नको होती. पण झाड म्हणजेच जंगल ही समजूत काही गुंडाळली गेली नाही.

ही समजूत आपल्याकडे महसुली कागदात मुरलेली आहे. माळाला सातबाऱ्यावर काय म्हणतात? पडीक. पोटखराबा. फार तर गायरान. कुसळी आणि पवन्याचं गवत, त्यात काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक. आणि नोंद ‘लागवडीस अयोग्य’. ज्या जमिनीवर पीक नाही ती वाया गेलेली, हा हिशोब शेतसारा गोळा करणाऱ्यांचा. तो आपण इतका पचवला की वनखात्यानंही पडीक दिसली की खड्डे खणून रोपं लावली. दुष्काळी कामांच्या काळात नान्नजच्या गवतातही गिरिपुष्पासारखी झाडं लागली होती.

कोळशाची गाठ इथे बसते. 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली खाणीसाठी वनजमीन दिली की भरपाईची झाडं लावावी लागतात. केंद्र सरकारच्या कंपन्यांना त्यासाठी दुप्पट क्षेत्राची ‘निकृष्ट वनजमीन’ चालते. 2016 मध्ये या भरपाईच्या पैशांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. निकृष्ट म्हणजे काय, तर विरळ झाडांची. वनखात्याच्या ताब्यातला चांगला माळसुद्धा या व्याख्येत सहज बसतो. खाण एका जागी जंगल तोडणार आणि दुसऱ्या जागी गवतावर झाडं लावणार. कागदावर बेरीज बरोबर येते.

सोलापुरात सरकारनं उलटी चूक केली. 1979 मध्ये माळढोकासाठी तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, शिवाय तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा. त्यात गावं, बाजारपेठा, बागायत, सगळं आलं. वनजमीन त्यात नगण्य. जमीन विकायची, विहीर-रस्ता-कारखाना करायचा, की परवानगीचा फेरा. तीसेक वर्षं लोकांनी तो काढला. शेवटी क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. कपात चुकीची होती असं म्हणवत नाही, मूळ रेघच नकाशावर बसून ओढलेली होती. पण त्या सगळ्या वादात चर्चा झाली खरेदीखताची. पक्षी कुठून कुठे उडतो, वाटेत काय उभं आहे, हा विषय निघालाच नाही.

आणि वाटेत बरंच काही उभं राहत होतं. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्हीची (किलोव्होल्ट) वीजवाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं. होटगीजवळ फताटेवाडीला 1,320 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आला; पहिला संच 2017 ला चालू, दुसरा 2019 ला. पूर्ण ताकदीनं चालला तर दिवसाला पंधरा-वीस हजार टन कोळसा लागेल, म्हणजे चार-पाच भरलेल्या मालगाड्या. कोळसा आपल्याकडे नाही हे खरं, पण तो येतो.

माळढोकाचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. त्याला बाजूचं छान दिसतं, समोरचं कमी, आणि तार समोर आली की एवढं धूड वळवता येत नाही. 2011 पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, आता दीडशेही उरलेले नाहीत. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजेच्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, 2024 मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही वेळा प्रश्न राजस्थान-गुजरातचा होता, आणि अडचण सौर-पवन कंपन्यांची. सोलापूर, वरोरा त्या नकाशात नव्हते. नान्नजला आता माळढोक दिसला तर बातमी होते. येणारे लोक काळवीट आणि लांडगे बघून परत जातात.