भातातील उत्परिवर्तन पैदास

भाताच्या बियाण्यावर किरणांचा किंवा रसायनांचा प्रयोग करून त्याच्या डीएनएमध्ये बदल घडवणे आणि पुढच्या पिढ्यांतून उपयोगी बदल झालेली झाडे निवडून नवा वाण तयार करणे, ही उत्परिवर्तन पैदास. मूळ वाण उत्तम असून एखाद्याच दोषाने मागे पडत असेल तेव्हा ती खरी उपयोगी ठरते. छत्तीसगडचा सुवासिक दुबराज उंच वाढून लोळतो, शिवाय तो गरवा, म्हणजे उशिरा येणारा. बुटक्या वाणाशी संकर केला की वास व दाण्याचा गुण विस्कटतो आणि तो पुन्हा जुळवायला कित्येक हंगाम जातात. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्र आणि रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ यांनी मिळून बुटका, लवकर येणारा 'ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-१' काढला.

बियाणे शुद्ध आणि १२ ते १४ टक्के ओलाव्याचे हवे. फार सुक्या दाण्याला त्याच मात्रेत जास्त इजा होते. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण आधी १०० ते ६०० ग्रे (किरणमात्रेचे एकक) पर्यंत वेगवेगळ्या मात्रांत देऊन रोपांची उंची मोजतात. ती निम्म्यावर येते त्या मात्रेच्या आसपास मुख्य प्रयोग करतात. इंडिका (भारतात सर्रास पिकणाऱ्या) प्रकारच्या भातासाठी ही मात्रा बहुधा २०० ते ३५० ग्रे असते. मात्रा वाढवली तर लोंब्या पळंज निघतात आणि पुढच्या पिढीला बीच उरत नाही. ईएमएस (इथाइल मिथेनसल्फोनेट) हे डीएनए बदलणारे रसायन वापरताना द्रावण ताजेच लागते. बी नंतर वाहत्या पाण्यात तासन्‌तास धुवावे लागते. हे रसायन कर्करोगकारक असल्याने हातमोजे व धूरकपाट (विषारी वाफा ओढून घेणारे कपाट) अनिवार्य.

प्रक्रिया केलेल्या बियाण्यापासून येणारी पिढी म्हणजे एम१. तिच्यात निवड करू नये: दिसणारा खुजेपणा बहुधा किरणांची इजा असते, आणि बहुतेक बदल अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्या तरच दिसणारे) असल्याने झाकलेले राहतात. शिवाय गर्भातील प्रत्येक पेशीत वेगळा बदल झालेला असल्यामुळे एकाच झाडाचे फुटवे आनुवंशिकदृष्ट्या निरनिराळे असतात. म्हणून दाट लावून फुटवे रोखतात आणि मुख्य लोंबी वेगळी काढतात. वंध्य फुले परपराग सहज घेतात, तेव्हा शेजारी दुसरा भात नको.

एम२, म्हणजे त्यापुढच्या पिढीत, एका लोंबीची एक ओळ लावतात. ओळीत चौथा हिस्सा बदललेला निघेल असे धरले तर ११ रोपांत एक तरी सापडण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के. पण लोंबीचा काही भागच बदललेला असू शकतो, त्यामुळे २० ते ३० रोपे लावणे बरे. एकूण संख्या हजारांत हवी. बहुतेक प्रयोग इथेच फसतात. रोपवाटिकेतील पांढरी-पिवळी रोपे मोजून प्रक्रिया लागू पडली का, ते कळते. एम३ मध्ये गुण स्थिर आहे का ते तपासून पुढे उताऱ्याच्या चाचण्या घेतात.

जपानचा रेइमेइ (१९६६) आणि कॅलिफोर्नियाचा कॅलरोझ ७६ (१९७६) हे गॅमा किरणांतून निघालेले बुटके वाण. दोन्हींत बदललेले जनुक एकच: एसडी१, म्हणजे हरितक्रांतीच्या बुटक्या भातांतलेच. मात्र त्या भातांत जनुकाचा तुकडा गळालेला आहे, तर या दोघांत डीएनएचे एकेकच अक्षर बदललेले.

एकाच जनुकातले निरनिराळे बदल झाड सारखेच बुटके करतात, म्हणूनच बुटके झाड दिसले एवढ्यावर थांबू नये. भेसळ किंवा परपरागातून आलेले झाडही तसेच दिसते. मूळ वाणाशी डीएनए ठसा जुळवला की ते लगेच उघड होते.