काळ्या खिडकीतून बायोसशी बोलणं

दापोली तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ असलेल्या एका शाळेची संगणक-खोली मी अधूनमधून सांभाळतो. वीस डेस्कटॉप, एक सर्व्हर, वर कौलं आणि खिडकीतून येणारा खारा वारा. जून लागला की लाइट दिवसातून चार-पाच वेळा जाते. परत आली की मुलं आपापल्या पीसीचं बटण दाबतात. धडे ज्याच्यावर आहेत तो कोपऱ्यातला सर्व्हर मात्र तसाच बंद राहतो.

वीज परतल्यावर काय करायचं हे विंडोज ठरवत नाही, बायोस ठरवतो. विंडोजच्या आधी जागा होणारा, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहणारा हा प्रोग्रॅम. आज त्याच्या जागी यूईएफआय आलंय, पण तोंडात बायोसच बसलंय. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये याच्या सेटिंग्ज घड्याळाच्या चिपमध्ये राहत: एकूण ६४ बाइट, त्यांतले १४ घड्याळाचे, उरलेले ५० बाकी सगळ्यासाठी. आता त्या बहुतेक फ्लॅश चिपमध्ये असतात, पण घड्याळ अजूनही ३ व्होल्टच्या, रुपयाएवढ्या सेलवर चालतं. गेल्या श्रावणात एक पीसी उघडला, तर सेलच्या पत्र्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढली होती. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं, त्यामुळे ब्राउझर एकही सुरक्षित साइट उघडेना. सर्टिफिकेटची तारीख त्याला भविष्यातली वाटत होती.

सेटिंग बदलायची तर सुरू होताना एफ-टू दाबा, निळा-करडा पडदा उघडा, शोधा, सेव्ह करा. एका पीसीला ठीक आहे. एकवीसला अख्खी दुपार जाते आणि एखादा हमखास राहतो. म्हणून कंपन्या आज्ञेवर चालणारी साधनं देतात. डेलचं सीसीटीके, एचपीचं बायोस कॉन्फिगरेशन युटिलिटी. लिनक्समध्ये २०२१पासून काही मोजक्या कंपन्यांच्या पीसींवर याच सेटिंग्ज साध्या फाइलींसारख्या दिसतात. सीसीटीकेत वीज परतण्याच्या सेटिंगचं नाव म्हणजे ‘एसी पॉवर रिकव्हरी’चे जवळजवळ सगळे स्वर गाळलेलं रूप. ते लिहायचं, पुढे बरोबरचं चिन्ह आणि ‘लास्ट’. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एवढी एक ओळ.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की आज्ञा स्वतः चिपवर काही लिहीत नाही. ती विनंती पुढे पाठवते. अनेक पीसींत त्या विनंतीनं प्रोसेसरला एक खास इशारा मिळतो आणि तो विंडोजला क्षणभर जागच्या जागी थांबवून बायोसच्या कोडला काम देतो. इंटेलनं ही सोय १९९०मध्ये ३८६-एसएल प्रोसेसरबरोबर आणली. बायोस पासवर्ड तपासतो, मूल्य चालण्याजोगं आहे का बघतो, मगच लिहितो. बहुतेक बदल पुढच्या वेळी पीसी सुरू झाला की लागू होतात. तो पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा लिहून शाळेच्या पेनड्राइव्हवर मात्र ठेवू नका.

सगळ्या पीसींना ‘लास्ट’ देणं मला पटलं नाही. ‘लास्ट’ म्हणजे लाइट गेली तेव्हा चालू होता, तर आली की चालू. आमच्याकडे लाइट आली की दोन मिनिटांत पुन्हा डोळा मारते, आणि त्यात हार्ड डिस्क मरतात. म्हणून यूपीएसवरच्या सर्व्हरला ‘लास्ट’, मुलांच्या पीसींना ‘ऑफ’ आणि सोबत वेक-ऑन-लॅन. यात सर्व्हर प्रत्येक पीसीला १०२ बाइटचा निरोप धाडतो: आधी ६ बाइट, ज्यांतला प्रत्येक बिट १ असतो, मग त्या पीसीच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा. कार्ड अर्धवट जागं राहून आपला पत्ता ओळखतं आणि पीसीला उठवतं. त्यासाठी ‘डीप स्लीप’ची सेटिंगही बंद करावी लागते, नाहीतर कार्डाचीच वीज तोडली जाते.

आधी एकाच पीसीवर करून पाहा, आणि प्लग खरोखर काढून पाहा. आम्ही तसं केलं. आता लाइट आली की सर पाच मिनिटं थांबतात, पंख्याचा वेग स्थिर झालाय ना ते बघतात आणि सर्व्हरवरून एक ओळ चालवतात. वीसपैकी अठरा उठतात. उरलेल्या दोघांचं कार्ड वीज पुरती गेल्यावर जागं राहत नाही. त्यांचं बटण पहिल्या बाकावरची मुलं दाबतात.